माशाचं सॅलड, कोशिंबिरीच्या वळणाने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात राहता, घरात दोघंच. रात्री भात-पोळी कमी करायची म्हणून माशाचं सॅलड करायला घेतलं. चार वेळा केलं आणि चारही वेळा बशीत पाणी साचलं. मासा कधी चिवट तर कधी भुगा, हाताला आणि फ्रिजला वास. एवढं करून साडेआठला जेवलेल्या माणसाला दहा वाजता चिवड्याचा डबा खुणावायला लागतो. मासा कुठला घ्यायचा, शिजवायचा कसा आणि पोट भरायला त्यात काय घालायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी मूळची वेंगुर्ल्याची. गेली सोळा वर्षं डोंबिवलीत डबे देते, बुधवारी आणि शुक्रवारी माशांचे. सहा-सात वर्षांपूर्वी गिऱ्हाइकं म्हणायला लागली, "ताई, दुपारी जड होतं, झोप येते, काहीतरी हलकं द्या." तेव्हा मी या सॅलडच्या नादी लागले. पहिल्याच शुक्रवारी अठरा डबे भरले. सकाळी आठला सगळं कालवून, मीठ-लिंबू घालून, वर कोथिंबीर पेरून. दिसायला काय सुरेख! दुपारी एकला झाकणं उघडली तेव्हा काकडी-टोमॅटोच्या पाण्यात सुरमईचे तुकडे पोहत होते. एकाने निरोप पाठवला, "ताई, सार छान झालंय, पण भात द्यायला विसरलात."

संध्याकाळी सासूबाईंना हे सांगितलं तर त्या हसल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "काकडीची कोशिंबीर कधी सकाळीच मीठ घालून ठेवतंस काय गो तू?" खरंच की. कोशिंबिरीला मीठ पंगत बसताना घालायचं, काकडी चोचवून पिळायची, दाण्याचं कूट घालायचं ते चवीला आणि सुटलेलं पाणी धरायलाही, हे सगळं मला आठव्या वर्षापासून येत होतं. पदार्थाला सॅलड म्हटलं आणि येत असलेलं सगळं विसरले. म्हणून तुम्हालाही माझं पहिलं सांगणं हेच, की फोटोतली ती मोठाली पानं आणि वर ओतलेला पांढरा सॉस डोळ्यांपुढून काढून टाका. तुम्ही माशाची कोशिंबीर करताय असं समजा.

पाणी तीन वाटांनी येतं. एक, भाजीतून, मीठ लागल्यावर. दोन, धुतलेल्या पानांवरून, कारण आपण कोथिंबीर धुतो आणि झटकून तशीच चिरतो. तिसरी वाट लोकांच्या लक्षातच येत नाही, ती माशाची. मासा खळखळून उकळला की त्याचं मांस आकसतं आणि आतला रस पिळून बाहेर टाकतं. म्हणजे मासा कोरडा होतो आणि बशी ओली. तुमचं "कधी चिवट, कधी भुगा" आणि "बशीत पाणी" ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे. वर गरम मासा थंड काकडीवर ठेवला की वाफ धरते आणि काकडी लोळागोळा होते, ते वेगळंच.

आता मासा. सॅलडला पहिली पसंती बांगड्याला, हे मी वेंगुर्ल्याची म्हणून नाही सांगत. बांगड्याला स्वतःची चरबी असते, म्हणून थंड झाल्यावरही तो कोरडा लागत नाही. चव ठसठशीत असते, त्यामुळे थोडा घातला तरी कच्च्या कांद्याखाली दबत नाही. काटा मधोमध सरळ, बाजूचे काटे बोटांना सापडतात. आणि खिशाला परवडतो. सुरमई दुसऱ्या नंबरला. तुकडे देखणे पडतात, काट्याची कटकट नाही, पण दोन मिनिटं जास्त शिजली की खडूसारखी होते. रावस मिळाला तर उत्तमच, त्याच्या पाकळ्या मोठ्या आणि ओलसर सुटतात. कुप्याकडे लोक नाक मुरडतात, उगाच. साहेब लोक ज्याला ट्यूना म्हणून डब्यातून विकत घेतात तो हाच मासा. तव्यावर मोठ्या आचेवर भाजून, जाड काप करून घातला तर मजा आणतो. पापलेट मात्र नको. २०२३ साली सरकारने त्याला राज्यमासा केलं, त्याचा मान ठेवा आणि त्याला तव्यावरच जाऊ द्या; एवढ्या महाग माशाची नाजूक चव कांदा-मिरचीत हरवून काय मिळणार? बोंबलात पाणीच पाणी, तो इथे नकोच. तारली चवीला सुंदर, पण काटे काढता काढता रात्र होईल.

पुण्यात नदीचे मासेही ताजे मिळतात. रोहू-कटल्याच्या मांसात मात्र इंग्रजी वाय अक्षरासारखे दुफाटे बारीक काटे असतात, ते कुस्करताना हाताला लागत नाहीत आणि घशाला लागतात. मरळ चालेल, त्यात काटे कमी. बासा सोपा म्हणून घेतात बरेच जण. घ्यायचाच तर पूर्ण वितळवून, पंचात दाबून, पाणी काढून मगच तव्यावर. त्याला स्वतःची चव बेताची, तेव्हा वरचा मसाला जरा तिखट करा.

विकत घेताना बांगडा डोक्याकडून आडवा धरून बघा. ताजा असेल तर लाकडाच्या पट्टीसारखा ताठ राहतो, शिळा शेपटाकडे लोंबतो. कल्ले उचलून लाल आहेत का पाहायचे, डोळा वर आलेला हवा, पोट फुटलेलं नको. हे सगळ्या माशांना लागू. बांगडा, सुरमई, कुपा, तारली यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघायची, आणि ती नजरेने दिसत नाही: हे मासे बर्फात होते की नाही. गरमीत पडून राहिले तर यांच्या मांसात हिस्टामाइन तयार होतं. ते शिजवून जात नाही, फ्रिजरमध्ये टाकूनही जात नाही, आणि वासावरून दर वेळी कळतही नाही. आमच्याच घरी एकदा झालंय. मे महिन्यात भर दुपारी हातगाडीवर बर्फाशिवाय ठेवलेले बांगडे मी स्वस्त म्हणून उचलले. जेवून अर्ध्या तासात यजमानांचा चेहरा लालबुंद, डोकं ठणकायला लागलं, ओठांची आग. आम्हाला वाटलं ॲलर्जी. डॉक्टरांनी विचारलं, "मासा कोणता होता आणि बर्फात होता का?" तेव्हापासून सकाळी लवकर घेते, घरून बर्फाचा डबा घेऊन जाते आणि घरी आल्याआल्या साफ करून फ्रिजमध्ये. तुमच्या पुण्यात मासा लांबून येतो, तेव्हा तुम्ही तर याबाबत माझ्यापेक्षा कडक राहा.

दोघांसाठी मध्यम आकाराचे दोन बांगडे, म्हणजे चारशे ग्रॅम अख्खे घ्या. डोकं, काटे, पोट गेल्यावर शिजलेलं मांस दोनशे ग्रॅमच्या आसपास हाती येतं. माणशी वीसेक ग्रॅम प्रथिनं झाली. यापेक्षा कमी घेतलंत तर ती नुसती काकडीची कोशिंबीर, आणि दहा वाजता पुन्हा चिवडा.

शिजवायच्या दोन रीती. मऊ हवा असेल तर वाफेवर. बांगड्याला दोन्ही बाजूंनी तीन-तीन चिरा द्या, मीठ, हळद आणि आमसुलाचं पाणी किंवा लिंबू चोळून पंधरा मिनिटं ठेवा. समुद्राच्या माशाला जो विशिष्ट वास येतो त्यावर आंबट हाच उतारा. आंबटाने तो वास उडायचा थांबतो. आपल्या बायका माशाला आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, किंवा चिंचेचा कोळ आधी लावून ठेवतात त्यातलं इंगित हेच. मग सुटलेलं पाणी टाकून द्या, कालवणात घालतो तसं इथे वापरायचं नाही. मोदकपात्रात हळदीचं पान मिळालं तर पानावर, नाहीतर केळीच्या पानावर ठेवून आठ ते दहा मिनिटं. पाण्याला उकळी असू दे, पण झाकण थडथडेल इतकी आच नको. डोक्यामागच्या सगळ्यात जाड जागी सुरी घालून बघा. मांस काचेसारखं दिसायचं थांबलं आणि काट्यापासून अलगद सुटलं की झालं. घरात थर्मामीटर असेल तर तिथे ६३ अंश.

दुसरी रीत भाजायची, आणि मला मनापासून हीच आवडते. गावाला चुलीतल्या निखाऱ्यावर बांगडा भाजायचे, साल करपायची, आत मांस वाफाळतं राहायचं. इथे गॅसवर पापडाच्या जाळीवर ठेवला की शेजारच्या तीन बिऱ्हाडांना कळतं, म्हणून मी जाड तव्यावर चमचाभर तेल लावून, कोरडा पुसलेला मासा, एका बाजूने चार-पाच मिनिटं न हलवता. न हलवता हे महत्त्वाचं. सारखा उलथत राहिलात तर साल तव्याला आणि मासा तुकड्यांत. साल सुटली की तो स्वतःच तवा सोडतो, तोवर वाट बघायची. मग दुसरी बाजू.

मासा कोमट असतानाच सोलायचा. पार थंड झाला की साल मांसाला धरते, आणि फार गरम असला की मांस चुरतं. पाठीच्या कण्यावरून अंगठा शेपटाकडे सरकवला की वरची अर्धी बाजू अख्खी उचलून येते. मधला काटा डोक्यासकट ओढून काढा, पोटाकडचे बारीक काटे बोटांनी चाचपून काढा. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, बोटांवर ठेवा. मोठे मोठे तुकडे ठेवायचे, कुस्करायचे नाहीत. मग ताटलीत एकेरी पसरून पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटं, वाफ पूर्ण जाईपर्यंत, आणि तसेच वीस मिनिटं फ्रिजमध्ये. एवढ्यात मासा वरून कोरडा आणि आतून ओलसर राहतो. ही अर्ध्या तासाची पायरी लोक गाळतात आणि मग पाणी सुटलं म्हणून काकडीला बोल लावतात.

भाज्यांत काकडी हवीच. देठाकडचा बोटभर भाग कापून टाका, कडूपणा बहुतेक तिथेच असतो. काकडी फार बारीक चोचवू नका. जितकं बारीक तितकं पाणी. उभी चिरून मधला बियांचा गर चमच्याने काढा आणि बोराएवढे तुकडे करा. चिमूटभर मीठ लावून रोळीत दहा मिनिटं, मग मुठीत हलकं दाबून निथळा. निथळलेल्या पाण्यात मी दुसऱ्या दिवशीची कणीक भिजवते. टोमॅटो घालायचाच तर बिया आणि रस काढून नुसता गर. नाही घातला तरी काही बिघडत नाही. गाजर किसू नका, पातळ काड्या करा, दाताखाली यायला हवं. कोवळा मुळा आणि त्याचा कोवळा पाला थंडीत फार छान लागतो. कोबी असेल तर अगदी तलम चिरून मीठ लावून चुरायचा. बीट मी टाळते, मासा गुलाबी झालेला कुणाला बघवत नाही. उन्हाळ्यात कैरीच्या बारीक काड्या घाला, मग लिंबाची गरजच उरत नाही.

कांदा अलिबागचा पांढरा मिळाला तर बघा. उन्हाळ्याच्या तोंडाला वेणीत गुंफलेल्या माळा येतात. त्याला तिखटपणा कमी आणि गोडी जास्त, त्यामुळे कच्च्या खाण्यासाठीच जणू तो आहे. नेहमीचा लाल कांदा असेल तर पातळ चिरून गार पाण्यात दहा मिनिटं आणि मग कोरडा करून. पानं, म्हणजे कोथिंबीर, पुदिना, कांद्याची पात, धुवून जुन्या सुती पंचावर पसरायची, पंचाची गुंडाळी करून ठेवायची, आणि वाढताना चिरायची.

मसाल्याकडे येऊ. अंडं आणि तेलाचा तो बाटलीतला सॉस मी कधी घातला नाही. तुम्हाला हलकं हवंय, आणि चमच्याचमच्याने तेल घालून हलकं होत नाही. दह्याचं अनेकजण विचारतात. आमच्या घरी मासा आणि दही एका ताटात येत नाही, सासूबाईंच्या राज्यात तर नाहीच. तिकडे बंगाल्यांकडे दोई माछ म्हणून दह्यातलाच मासा सणाला करतात. तेव्हा तुमच्या घरी चालत असेल तर चक्का थोडा घाला, पातळ दही नको. मी मात्र सोलकढीकडे वळले. म्हणजे सोलकढी जरा घट्ट करायची आणि प्यायची नाही, एवढंच. अर्धी वाटी ओलं खोबरं अगदी थोड्या कोमट पाण्यात वाटून पहिलं दाट दूध काढा, चार-पाच मोठे चमचे निघेल. त्यात चमचाभर आगळ, दोन लसणीच्या पाकळ्या आणि एक हिरवी मिरची ठेचून. आगळात मीठ असतंच, म्हणून वरून मीठ चाखल्याशिवाय घालू नका. पहिल्या वेळी मी घातलं आणि सगळं फुकट गेलं. तिरफळं, म्हणजे आमच्याकडे माशात घालतात तो फळांचा झणझणीत मसाला, असतील तर चार घ्या, आतलं काळं बी टाकून नुसती सालं ठेचा. बांगडा आणि तिरफळ हे लग्न जुनं आहे, सॅलडातही टिकतं.

नारळ नको असेल त्या दिवशी फेसलेली मोहरी. ही तर आपल्या आज्यांची करामत, आणि आता कुणी करत नाही म्हणून मुद्दाम सांगते. चमचाभर मोहरी थोड्या पाण्यात पाट्यावर किंवा छोट्या खलात फेस येईपर्यंत वाटायची आणि दहा मिनिटं तशीच ठेवायची. त्या वेळात नाकात जाणारा झणका तयार होतो. लिंबू आधी घातलंत तर तो झणका चढतच नाही, म्हणून आंबट शेवटी. मग लिंबाचा रस, चिमूटभर साखर, मीठ आणि एक चमचा शेंगदाण्याचं तेल. बांगड्यासारख्या तेलकट माशाला हे इतकं जुळतं की नारळवाले आमचे शेजारीही ते मागून नेतात.

आता पोट भरण्याचा प्रश्न, म्हणजे तुमचा मुख्य प्रश्न. माझ्या गिऱ्हाइकांत एक आहारतज्ज्ञ बाई आहेत, त्यांनी मला एक गोष्ट सांगितली ती तुम्हालाही आवडेल. १९९५ साली सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ घेतले, प्रत्येकाचे २४० कॅलरींचे वाटे केले, आणि लोकांना खायला देऊन पुढचे दोन तास त्यांना किती भरल्यासारखं वाटतं ते विचारत राहिले. पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले. पहिला आला उकडलेला बटाटा, ३२३ गुणांनी. आणि मासा होता दुसरा, २२५. प्रत्येक पदार्थाला माणसं मोजकीच, अकरा ते तेरा होती, तेव्हा आकड्यांना वेदवाक्य मानू नका. पण बटाट्याला वैरी समजून तुम्ही सॅलडातून काढलाय, तो परत घ्या. तळलेला नाही, उकडलेला. दोघांत मिळून एक मध्यम बटाटा, आदल्या दिवशी उकडून फ्रिजमध्ये गार केलेला, म्हणजे चिरताना तुटत नाही.

बटाटा अजिबात नको असेल तर मोड आलेले मूग मोदकपात्रात तीन-चार मिनिटं वाफवून, किंवा शिजवून निथळलेली चवळी, वाटीभर. मूग कच्चे घालू नका. मोड येताना ओल आणि ऊब यांत जंतूही वाढतात, आणि कच्चे मूग बऱ्याच जणांना जडही पडतात. शिवाय कडधान्य चावायला वेळ लागतो. तुम्ही सॅलड सात मिनिटांत संपवत असाल, बघा जरा घड्याळ लावून. आमच्याकडे पोळी-भाजी खायला वीस मिनिटं लागतात, आणि मग हेच लोक म्हणतात की सॅलडने पोट भरलं नाही.

सगळं जुळवायचं ते असं. मोठ्या परातीत आधी निथळलेली काकडी, गाजर, कांदा आणि बटाटा किंवा मूग. त्यावर अर्धा मसाला घालून हाताने वरखाली करा. मग भरडसर दाण्याचं कूट दोन चमचे, हे उरलंसुरलं पाणी पिऊन टाकतं. कूट अगदी पूड नको, दाताखाली आलं पाहिजे. मग माशाचे तुकडे वरून ठेवा आणि फक्त दोनदा, खालून वर असं हलवा. चमच्याने ढवळलंत तर मासा मोडला म्हणून समजा. शेवटी पानं, उरलेला मसाला, आणि चाखून वाटलं तरच मीठ. बशीत वाढल्यापासून दहा मिनिटांच्या आत खायला बसायचं. घरातलं माणूस "आलोच" म्हणून फोनवर बोलत असेल तर तोवर कालवू नका.

डब्यात न्यायचं असेल तर मी तीन भाग करते. खाली भाज्या, मध्ये केळीच्या पानाचा तुकडा, वर थंड मासा, मसाला वेगळ्या छोट्या डबीत, कूट पुडीत. शिजलेला मासा बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, आणि उन्हाळ्यात, पारा बत्तीसच्या पुढे असताना, तासाभराच्या वर नको. म्हणून माझे माशाचे डबे बर्फाच्या पिशवीतच जातात, आणि ज्या गिऱ्हाइकाच्या ऑफिसात फ्रिज नाही त्याला मी मासा देत नाही, अंडं देते. त्यावरून दोनजण रुसले आहेत, रुसू देत. तुमच्या फ्रिजला वास येतो त्याचं कारणही बहुतेक कालवलेलं सॅलड उरवून ठेवणं. उरवायचंच तर मासा वेगळा, घट्ट झाकणात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच कांद्यावर परतून भाकरीबरोबर संपवा.

कच्च्या माशाचं विचारलं नाहीत, पण पुढे विचाराल म्हणून. पेरू देशात मासा लिंबाच्या रसात मुरवून न शिजवताच खातात, सेविचे म्हणतात, आणि ते दिसतं अगदी शिजल्यासारखं पांढरं. लिंबाने मांसाचा रंग आणि पोत बदलतो, पण जंतू आणि कृमी मरतातच असं नाही. बाजारातून आणलेल्या, किती तास कुठे होता ते ठाऊक नसलेल्या माशावर हा प्रयोग घरी नको.

आता राहिला पावसाळा. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ताजा म्हणून जो बांगडा मिळतो तो कुठून आणि किती दिवसांचा, देव जाणे. तेव्हा मी सॅलडच्या मुळाकडेच जाते, म्हणजे किसमूर करते. गोव्यात आणि आमच्या वेंगुर्ल्याकडे हा पदार्थ सॅलड हा शब्द इकडे यायच्या फार आधीपासून आहे. वाटीभर सुका जवळा, म्हणजे कोलंबीसारखी अगदी बारीक वाळवलेली मासळी, पाखडून, निवडून, पाण्यातून पटकन खळबळून घ्या म्हणजे तळाला रेती राहते. घट्ट पिळून मंद आचेवर कोरड्या तव्यात सात-आठ मिनिटं भाजा. बोटांत चुरडला की कुरकुर वाजला पाहिजे. कच्चट राहिला तर वास येणारच. गार होऊ द्या. एक कांदा बारीक चिरून, अर्धी वाटी ओलं खोबरं, एक-दोन सुक्या मिरच्या भाजून चुरडलेल्या, आमसुलाचं दाट पाणी किंवा चिंचेचा कोळ चमचाभर, भरपूर कोथिंबीर, हे आधी हाताने चुरून घ्यायचं. मीठ जपून, जवळ्यात खारटपणा असतोच. कोलंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी जवळ्याच्या वाटेला जाऊ नये, ती एकाच जातकुळीतली.

हलकं करायचं म्हणून मी यात खोबरं निम्मं करते आणि निथळलेली काकडी घालते. ताट वाढून झालं, सगळे बसले, की मगच जवळा वरून. पाच मिनिटांत तो मऊ पडतो. आमच्याकडे हे पेजेबरोबर खातात. तुम्हाला रात्री भात नकोय, तर तुमच्या त्या गार उकडलेल्या बटाट्याच्या जाड चकत्या करा आणि त्यावर घालून खा.